त्याचं प्रकरण

*ताई,*

*माझं वय ३२. लहानपणापासून मी बोलताना अडखळते. आता पुष्कळ कमी झालंय, पण नववी-दहावीत फार होतं. वर्गात धडा वाचायला उभी राहिले की एक मुलगा मोठ्यानं आकडे मोजायला लागायचा. एक, दोन, तीन… माझा शब्द बाहेर पडेपर्यंत. हळूहळू सगळा वर्ग मोजायला लागला. एकदा आकडे सतरापर्यंत गेले होते. गंमत म्हणजे मोजताना तो माझ्याकडे कधी बघायचाच नाही, मान वळवून मागच्या बाकांकडे बघायचा.*

*गेली दोन वर्षं मी रात्री बुली रोमान्स वाचते. श्रीमंतांची अकादमी, शिष्यवृत्तीवर आलेली मुलगी, तिला छळणारा आणि मग तिच्या प्रेमात पडणारा मुलगा. चाळीसेक झाली असतील. परवा माझ्या जुन्या मैत्रिणीनं माझ्या फोनवर ती यादी बघितली. ती शाळेत माझ्याच वर्गात होती. म्हणाली, 'तुझ्याबाबतीत जे झालं त्यानंतर तू हे वाचतेस? लाज नाही वाटत?'*

*आणि मागच्याच आठवड्यात त्या मुलाचा मेसेज आला. इतक्या वर्षांनी. 'तेव्हा मी फार मूर्ख होतो. सॉरी. एकदा फोनवर बोलूया का?' खरं सांगते, मनात पहिला विचार आला तो हा की, म्हणजे याला तेव्हा मी आवडत होते की काय? मग स्वतःचीच किळस आली. पुस्तकांनी माझं डोकं बिघडवलंय का? त्याला उत्तर देऊ का? आणि माझी १३ वर्षांची भाची ही पुस्तकं मागतेय, तिला देऊ का?*

*– सतरा*

प्रिय मैत्रिणी,

सहीच्या जागी तुम्ही जो आकडा लिहिलाय त्यानं मी तुम्हाला हाक मारणार नाही. तो वर्गानं दिलेला; माझ्याकडून पुन्हा नको.

सोपा प्रश्न आधी उरकते. भाचीला ही पुस्तकं देऊ नका. मुखपृष्ठावर गोड चित्रं असतात, गणवेश असतो, शाळेचं फाटक असतं, त्यामुळे ती शाळकरी मुलींची वाटतात. आतला मजकूर मोठ्यांसाठी असतो. बऱ्याच लेखिका सुरुवातीच्याच पानावर आत काय काय आहे त्याची इशारेवजा यादी देतात. ती यादी भाचीच्या आईला वाचून दाखवा, म्हणजे 'मावशी देत नाही' हे गाऱ्हाणं तिच्यापाशी टिकणार नाही.

आता तुमचं. डोकं बिघडलेलं नाही. पण पुस्तकांनी काहीच केलेलं नाही असंही मी म्हणणार नाही. त्यांनी काय केलंय ते जरा जवळून बघू.

यातली डझनभर मीही वाचली आहेत. सल्ला देणाऱ्या बाईनं हे कबूल करू नये असं म्हणतात, पण न वाचता नाकं मुरडणाऱ्यांपेक्षा हे बरं. सत्र अर्ध्यावर आलेलं असताना मुलगी दाखल होते. तिची बॅग जुनी, बुटांना दुसऱ्यांदा सोल लावलेला. इमारतींना तिथल्याच मुलांच्या आजोबांची नावं. जेवणाच्या हॉलमध्ये ती नेमकी नको त्या टेबलाशी जाऊन बसते, हॉल चिडीचूप होतो, आणि तीन-चार मुलं दारातून आत येतात. त्यातला एक काही बोलत नाही, नुसता बघतो. तोच तो. मुख्याध्यापक नावाचा इसमही या पुस्तकांत असतो, पण तो देणगीदारांच्या खिशात. इतक्या कादंबऱ्या वाचल्या, एकाही मुख्याध्यापकानं एकाही मुलाला सामान बांधून घरी पाठवल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं अकादमीतच का घडतं, याचा मी बराच विचार केलाय. स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ दान ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकापासून शाळेतल्या छळाचा अभ्यास केला. छळ कशाला म्हणायचं याच्या त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा अजूनही वापरल्या जातात. तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो, आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. आता कादंबरीकाराच्या बाजूनं बघा. ताकदीतला फरक श्रीमंतांच्या शाळेत आयता मिळतो, एका बाजूला शिष्यवृत्ती आणि दुसऱ्या बाजूला आजोबांच्या नावाचं ग्रंथालय. पुन्हा पुन्हा होण्याची सोय वसतिगृह करतं, कारण संध्याकाळी घंटा झाली की मुलगी घरी जाऊ शकत नाही. राहिली तिसरी खूण, हेतू. तिथे मात्र लेखिका स्वतः हात घालते. मुलगा मुद्दाम करतो हे खरंच, पण त्याच्या मनात भलतंच काही असतं. बापाचा राग असतो, मेलेल्या भावाचं दुःख असतं, आणि सगळ्यांच्या तळाशी ही मुलगी पहिल्या दिवसापासून रुतून बसलेली असते.

हे आपल्याला कळतं कसं? त्याच्या प्रकरणातून. ही पुस्तकं बहुधा आलटून पालटून चालतात, एक प्रकरण तिच्या तोंडून, एक त्याच्या. पन्नास-साठ पानांत आपल्याला समजतं की जिन्यावर तिचा पाय वाजला की याचा श्वास अडकतो. तिला ते माहीत नसतं. ती रात्री उशीत तोंड खुपसून रडते आणि आपण पांघरुणात पडल्या पडल्या म्हणतो, थांब गं बाई, अजून दोनशे पानं थांब. छळ तिला नुसता छळ दिसतो, आपल्याला ती उलट्या अक्षरांत लिहिलेली प्रेमाची चिठ्ठी दिसते. या प्रकारातलं सगळं सुख माझ्या मते या एका सोयीत आहे. शेवट गोड होणार हे आधीच माहीत, त्याचं मन माहीत, आणि नको वाटलं तर पुस्तक मिटायची मुभा. वर्गात उभ्या राहिलेल्या मुलीपाशी यातलं एकही नव्हतं.

आणि हे कुणा आजच्या पोरीबाळींचं खूळ आहे असं तुमच्या मैत्रिणीला वाटत असेल, तर तिला पावणेतीनशेहून जास्त वर्षं मागे न्या. १७४० साली इंग्लंडमध्ये सॅम्युअल रिचर्डसन यांची 'पामेला' आली. तरुण मालक मोलकरणीच्या मागे लागतो, तिला डांबून ठेवतो, शेवटी तिचं लिखाण वाचून विरघळतो आणि लग्न करतो. पुस्तक तुफान चाललं, आणि पुढच्याच वर्षी हेन्री फील्डिंग यांनी त्याची टर उडवणारं पुस्तक लिहिलं. मग रिचर्डसननी 'क्लॅरिसा' लिहायला घेतली ती सुधारलेला लफंगाच उत्तम नवरा होतो ही समजूत मोडून काढायचं ठरवूनच. १७४७-४८ मध्ये ती भागाभागानं बाहेर पडली. त्यातला लव्हलेस क्लॅरिसाला फसवतो, कोंडतो, गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. पण कादंबरी पत्रांची, आणि रिचर्डसननी पत्रं लिहायला त्यालाही बसवलेलं. तो मित्राला लिहितो, आणि काय लिहितो! हुशार, चटकदार, मध्येच हळवा. वाचक पडले की त्याच्या प्रेमात. पुढचे भाग यायचे होते तोवर एका बाईंनी टोपणनावानं पत्र पाठवून लेखकाला गळ घातली की त्याला सुधारा, दोघांचं लग्न लावा. रिचर्डसन बधले नाहीत. पुढच्या आवृत्त्यांत तर लव्हलेसबद्दल कुणाला पाझर फुटू नये म्हणून त्यांनी मजकुरात फेरफारही केले.

म्हणजे ज्याचं प्रकरण आपण वाचतो त्याची बाजू आपण घेतो, मग त्यानं काहीही केलेलं असो. तेव्हाच्या बायकांनी घेतली, तुम्ही घेतलीत, मीही घेते. लाज वाटण्यासारखं यात मला काही सापडत नाही.

गफलत होते ती पुढे. चाळीस पुस्तकं वाचल्यावर मनाला सवय लागते की छळणाऱ्याचं एक प्रकरण असतंच, फक्त आपल्या हाती लागलेलं नसतं. तुमच्या फोनवर तो मेसेज उजळला आणि अर्ध्या क्षणात तुमच्या मनानं ते कोरं प्रकरण लिहायला घेतलं. याला मी आवडत होते की काय? त्या विचाराची किळस कशाला करायची? दोन वर्षं भोगलेलं निव्वळ फुकट गेलं असं कुणाला मानवतं? त्यामागे काहीतरी असायला हवं, निदान प्रेम तरी, असं वाटणं मला फार समजण्यासारखं वाटतं. लहानपणी मुलींना 'तो चिडवतो म्हणजे त्याला तू आवडतेस' हेच शिकवतात, त्याला पुस्तकांची काय गरज.

पण त्याचं खरं प्रकरण तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय. एका ओळीचं आहे. 'तो माझ्याकडे कधी बघायचाच नाही, मान वळवून मागच्या बाकांकडे बघायचा.'

ही ओळ वाचल्यावर मी चष्मा काढून ठेवला. तुम्ही ती 'गंमत म्हणजे' म्हणून लिहून गेलात. कादंबरीतला मुलगा वाटेल ते करतो, पण तिच्यावरची नजर हलवत नाही. सगळा प्रकार त्या नजरेवर उभा असतो. तुमचा मुलगा हसू कुठून येतंय ते बघत होता. त्या मोजण्यात तुम्ही नव्हताच हो. तुमच्या जागी दुसरी कुणी चष्मेवाली, जाडी, नवी आलेली मुलगी असती तरी त्याचं काम भागलं असतं. हे ऐकायला कडू आहे, कारण यात तुम्हाला हिरॉइनची जागा मिळत नाही. पण याच्या पोटात एक सुटकाही आहे. तुमच्या अडखळण्यात, तुमच्या चेहऱ्यात, तुमच्यात असं काहीही नव्हतं ज्यानं ते ओढवून घेतलं.

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात 'किवा' नावाचा शाळांसाठीचा कार्यक्रम तयार झाला, तो याच जाणिवेवर बेतलेला आहे. छळणारा वर्गातल्या आपल्या वजनासाठी छळतो, तेव्हा त्याच्या एकट्याच्या मागे लागून भागत नाही, बघणाऱ्यांना कामाला लावावं लागतं. बाकीचे हसले नाहीत, एखादी मुलगी उठून शेजारी येऊन बसली, की खेळातली हवा जाते. गंमत अशी की हे कादंबऱ्यांनाही ठाऊक असतं. या सगळ्या अकादम्यांची एक थोरली बहीण जपानी आहे, 'हाना योरी दांगो' ही १९९२ मध्ये सुरू झालेली चित्रकथा. तिच्यावर २००१ मध्ये तैवानमध्ये आणि २००९ मध्ये कोरियात मालिका झाल्या. त्यातली चार श्रीमंत मुलं कुणाच्या तरी कपाटात लाल चिठ्ठी लावतात आणि बाजूला होतात. पुढचं सगळं शाळा करते.

तुमच्याकडे लाल चिठ्ठी म्हणजे 'एक' हा आकडा. दोनपासून पुढे वर्ग.

आता मेसेज. पहिली गोष्ट, उत्तर द्यायलाच हवं असं काही नाही. सॉरी म्हणजे उधारी नव्हे, की पोच द्यावी. दुसरी, फोनवर बोलायचं नाही. हे वाचून मला रागच आला. जिचा शब्द अडकला की आकडे मोजले, तिलाच हा माणूस फोनवर बोलूया म्हणतोय! ध्यानात आलं नसेल म्हणा. पण मग त्याला नेमकं काय आठवतंय, हा प्रश्न उरतोच. अडखळण्याचा भित्रेपणाशी काही संबंध नाही, पण पलीकडे कुणीतरी वाट बघत खोळंबलंय म्हटलं की ते वाढतं, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. त्या शांततेत त्याला पुन्हा बसवू नका. तो गप्प राहिला तरी तुम्हाला आकडे ऐकू येतील.

उत्तर द्यावंसं वाटलंच तर लिहून द्या, सकाळी द्या, आणि आदल्या रात्री पुस्तक वाचू नका. एवढं पुरे: 'मेसेज मिळाला. फोनवर बोलायचं नाही. नेमकं कशाबद्दल सॉरी म्हणतोयस ते लिही.' त्यापुढे एक अक्षर नको. 'का केलंस' हे तर मुळीच विचारू नका, कारण तिथून त्याचं प्रकरण सुरू होईल आणि तुम्ही फार चांगल्या वाचक आहात. 'तू वाचायला उभी राहिलीस की मी आकडे मोजायचो आणि सगळ्यांना मोजायला लावायचो', असं त्यानं सरळ लिहिलं, तर ती माफी आहे, ठेवायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. घरातली भांडणं, वडिलांचा मार, तेव्हाचं वय, असं चार परिच्छेद आलं, तर ते खरंही असेल. पण ते ऐकायला तुम्ही बांधील नाही. असली चाळीस तुमची वाचून झालीत आणि ती त्याच्यापेक्षा बरी लिहिलेली होती.

माफीवरून आठवलं. या पुस्तकांच्या वाचकांत शेवटच्या त्या भागाला 'ग्रोव्हेल' म्हणतात. आपल्याकडे लोटांगण हा त्याहून झकास शब्द आहे. पुस्तक चांगलं की टुकार हे मी लोटांगणावरून ठरवते. टुकार पुस्तकात तीनशे पानं छळ आणि मग पंधरा पानांत फुलं, अंगठी आणि त्यानंच फोडलेल्या लॅपटॉपच्या जागी नवा लॅपटॉप. (कधी कधी तर माफी तिसऱ्या भागापर्यंत लांबते. २०१५ च्या जुलैपासून किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या वर्गणीवर चालणाऱ्या ई-पुस्तकांच्या सेवेत, लेखकांना वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबानं पैसे मिळतात, हे अशा वेळी मला हटकून आठवतं.) चांगल्या पुस्तकात मुलगा त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलांसमोर उभा राहून आपण काय केलं ते आपल्या तोंडानं सांगतो, आणि त्यात त्याचं काहीतरी कायमचं जातं, इज्जत म्हणा, मित्र म्हणा. जे चारचौघांत केलं ते चारचौघांतच निस्तरायचं, एवढी अक्कल या लेखिकांना असते.

तुमचा तो वर्ग आता गोळा होणार नाही. पण त्यातलं एक माणूस तुमच्या जवळ आहे. तुम्ही लिहिलंय, 'हळूहळू सगळा वर्ग मोजायला लागला.' आणि थोडं खाली, 'ती शाळेत माझ्याच वर्गात होती.' ही दोन वाक्यं मी शेजारी ठेवून पुन्हा वाचली. तिनंही मोजलं का, की नुसती खाली मान घालून बसली, की ती एकटीच हसली नव्हती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित इतक्या वर्षांत दोघींनी कधी काढलंच नसेल. माझा अंदाज साफ चुकीचा असू शकतो, पण तुमच्या फोनवरची यादी बघून तिला जो 'लाज' हा शब्द सुचला, तो फक्त तुमच्यासाठी होता असं मला वाटत नाही.

त्याला उत्तर द्यायच्या आधी तिच्याशी बोला. समोरासमोर बसून, तुमच्या गतीनं. तुमचा शब्द अडकला तर थांबायचं कसं, हे एव्हाना ती नक्कीच शिकली असेल. भांडायला जाऊ नका, जाब मागायला जाऊ नका. 'तुला ते मोजणं आठवतं का गं?' एवढंच विचारा आणि मग ती काय म्हणते ते ऐका. हा प्रश्न तिला विचारणं त्या मुलाला मेसेज पाठवण्यापेक्षा अवघड जाईल, याची मला कल्पना आहे. त्याचं तुमच्या आयुष्यात आज काही उरलेलं नाही. तिचं आहे.

आणि एक्केचाळिसावं पुस्तक अर्ध्यावर ठेवलं असेल तर पूर्ण करा. त्यात चुकून मुख्याध्यापकानं कुणाला घरी पाठवलंच, तर मला नाव कळवा.

– तुमची ताई